गाडीतला स्क्रीन, माणसाचं डोकं आणि मधले २८ मिलिमीटर

नटबोल्ट (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर नव्या गाड्यांतल्या मोठ्या स्क्रीनवरून जुंपली होती. बटणं बरी की स्क्रीन बरा, तेच ते. मध्येच कुणीतरी विचारलं, "आणि धडकेत त्याच्यावरच जाऊन आपटलो तर?" लगेच उत्तर आलं, "हल्ली काच फुटत नाही हो, फोनसारखी असते." आणि गाडी परत बटणांवर गेली. मला ते उत्तर डाचत राहिलं. डॅशबोर्डच्या आतले सांगाडे आणि ब्रॅकेट (स्क्रीनसारख्या वस्तू धरून ठेवणारे आधार) हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे वेगळा धागा काढतोय.

आधी एक प्रसंग. टेस्ट लॅबमध्ये डोक्याच्या जागी धातूचा गोल असतो, व्यास १६५ मिलिमीटर, वजन ६.८ किलो. तो लोलकाच्या टोकाला बसवतात, त्याला खडू फासतात (नेमका कुठे लागला ते कळावं म्हणून) आणि ताशी २४ किलोमीटर वेगाने डॅशबोर्डवर आदळवतात. आकडा लहान वाटतो ना? सव्वादोन मीटर उंचीवरून खाली पडलात तर जमिनीला टेकताना एवढाच वेग असतो.

तर आमचा पहिला नमुना. धप्प आवाज. स्क्रीनवर खडूचा पांढरा गोल, काचेला चरासुद्धा नाही, वर नकाशा जसाच्या तसा चालू. पुरवठादाराचा माणूस इतका खूश की त्याने मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. मग ग्राफ आला. वेग किती झपाट्याने कमी झाला ते त्यात दिसतं, आणि नियम असा की ती रेघ ८० जीच्या (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या ८० पटीच्या) वर सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ राहता कामा नये. आमची रेघ वर गेली ती खाली उतरायला तयारच नाही. लॅबच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काच वाचली, माणूस गेला."

हा नियम नवा नाही. अमेरिकेत तो २०१ क्रमांकाच्या मानकात आहे, नव्या गाड्यांना १ जानेवारी १९६८ पासून लागू. संयुक्त राष्ट्रांच्या नियम २१ मध्येही तोच गोल, तेच ८० जी. स्क्रीनची कल्पनाही नव्हती तेव्हाचे हे नियम, पण डोकं बदललेलं नसल्यामुळे अजून चपखल बसतात.

आता शीर्षकातले २८ मिलिमीटर. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.६७ मीटर. तिथून शून्यावर यायचं आणि ८० जी ओलांडायचे नाहीत, तर थांबायला किमान किती अंतर लागेल? वेगाचा वर्ग भागिले मंदनाची (वेग कमी होण्याच्या दराची) दुप्पट. साधारण २८ मिलिमीटर. वेळ मिळतो साडेआठ मिलिसेकंद. (क्षणभर ८० च्या वर गेलं तर चालतं, म्हणून प्रत्यक्षात एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे.) म्हणजे स्क्रीन कसलाही असो, डोकं टेकल्यावर तो सगळा ऐवज अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त मागे सरकला पाहिजे, आणि सरकताना जोर लावून सरकला पाहिजे. मागे लगेच मॅग्नेशियमचा आडवा बीम असेल तर काच जगातली सर्वोत्तम असूनही उपयोग शून्य.

दुसरा नमुना आम्ही ब्रॅकेट बारीक करून आणला. मधोमध मारला, ग्राफ सुंदर. मग कोपऱ्यावर मारला. डावीकडचं ब्रॅकेट आधी वाकलं, उजवीकडचं अडून बसलं, स्क्रीन पिळला गेला आणि काच कडेपासून तडकत आतपर्यंत गेली. म्हणजे डोकं वाचवायला गेलो तर काच फुटली, काच वाचवली होती तेव्हा डोकं फुटत होतं. पुढचे सहा महिने ह्याच दोन टोकांमध्ये गेले.

साळुंकी

वाचनखूण साठवली आहे. दोन भाबडे प्रश्न. स्क्रीनच्या मागे जाड रबर नाहीतर स्पंज भरला तर काम होत नाही का? आणि काच कडेपासूनच का तडकते?

अवांतर: स्क्रीन तो की ती? आमच्या घरी ती.

नटबोल्ट

तो. पण भांडणार नाही.

पहिला प्रश्न भाबडा अजिबात नाही, सगळ्यांच्या मनात आधी तोच येतो. रबर स्प्रिंगसारखं वागतं. सुरुवातीला जोर कमी आणि दाबत जाल तसा वाढत जातो. म्हणजे पहिले काही मिलिमीटर जवळजवळ फुकट जातात आणि सगळा मार शेवटी बसतो. हिशेब केला तर निव्वळ स्प्रिंगला ८० जीमध्ये राहायला दुप्पट अंतर लागतं, साधारण ५७ मिलिमीटर. एवढी जागा डॅशबोर्डच्या आत कोण देतो? तिथे एसीचे मार्ग, वायरींचे झुबके आणि एअरबॅग आधीच ठाण मांडून बसलेले असतात. शिवाय स्प्रिंग दाबलेली ताकद परत करते. डोकं मागे फेकलं जातं.

हवं असतं ते असं की जोर एका पातळीला चटकन चढावा आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहावा. पत्र्याचा रिकामा डबा उभा ठेवून पायाने चिरडताना जसा घडी घडी बसत जातो तसं. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, धातूचा फेस, ठरावीक जागी कमकुवत केलेला पत्रा, चुरडणाऱ्या प्लॅस्टिकच्या बरगड्या, हे सगळे त्याच कामाचे. चुरडलं की परत उसळत नाही.

ह्यातून दुसरं एक कोडंही सुटतं. लोक म्हणतात, ब्रॅकेट मऊ केलं तर बोट लावल्यावर स्क्रीन डुगडुगेल, खराब रस्त्यावर खडखड करेल. स्प्रिंगसारखं मऊ केलं तर होईलच. पण ६.८ किलोला ८० जीने थांबवायला पाच हजार न्यूटनच्या वर जोर लागतो. बोटाचा जोर कितीही रागाने दाबलं तरी त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मधे एवढी मोठी दरी असल्यावर ब्रॅकेट रोजच्या वापरात ताठ आणि एका मर्यादेनंतर शरण, असं करता येतं. विजेचा फ्यूज जसा, इथे जोराचा फ्यूज.

एक गोष्ट राहिली. स्क्रीनचं स्वतःचं वजन. दोन-तीन किलोचा स्क्रीन ब्रॅकेट वाकायच्या आधी नुसता हलायलाच विरोध करतो आणि ग्राफवर सुरुवातीलाच एक सुळका येतो. तो ब्रॅकेट मऊ करून जात नाही, वजन कमी करूनच जातो. स्क्रीन जितका मोठा तितका हा सुळका छळतो.

काचेचं जेवण झाल्यावर लिहितो.

कडेलोट

माहिती चांगली आहे, पण मुळात डोकं तिथपर्यंत जातंच कसं? सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे. ज्याने बेल्ट लावला नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी जड आणि महाग गाड्या का घ्यायच्या? उगाच भीती घालायचा प्रकार वाटतो. (ह. घ्या.)

हाडवैद्य

हलकं घेतो, पण उत्तर देतो. नाव फसवं आहे, मी खरंच डॉक्टर आहे.

बेल्ट आणि एअरबॅग असलेल्या माणसाचं डोकं सरळ समोरून झालेल्या धडकेत बहुतेक वेळा डॅशबोर्डपर्यंत पोचत नाही, हे बरोबर. पण धडक सरळ समोरूनच होईल असा करार कुणी केलाय? तिरप्या धडकेत शरीर तिरपं जातं. शेजारच्या सीटवरच्याचं डोकं एअरबॅगच्या कडेवरून गाडीच्या मध्याकडे घसरू शकतं, आणि मध्यभागी काय उभं असतं? एकामागून एक दोन धडका झाल्या तर दुसऱ्या धडकेला एअरबॅग रिकामी होऊन लोंबत असते. प्रवासी पुढे वाकून गाणं बदलत असतो, खाली पडलेली वस्तू उचलत असतो, सीट पुढे ओढून बसलेला असतो. काही धडका एअरबॅग उघडण्याइतक्या जोरदार नसतात, पण नाक फोडण्याइतक्या असतात.

नाकावरून आठवलं. चेहऱ्यातलं कपाळाचं हाड सगळ्यात दणकट आणि नाकाचं सगळ्यात कच्चं. लॅबमधल्या त्या गोलाला नाक नाही, डोळे नाहीत, कातडी नाही. त्याचा ग्राफ मेंदूबद्दल बरंच सांगतो, चेहऱ्याबद्दल थोडं. ८० जीमध्ये पास झालेला स्क्रीन फुटून धारदार कड बाहेर आली तर टाके घालायला माझ्यासारखेच कुणीतरी बसलेले असतात. म्हणून डोकं वाचणं आणि काच न विखुरणं दोन्ही लागतं.

आणि हे दुखणं जुनं आहे. १९३० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लॅस्टिक सर्जन होते. त्यांच्याकडे अपघातात चेहरा फाटलेले लोक यायचे आणि त्यात पुढच्या सीटवर शेजारी बसलेल्यांचा भरणा फार. त्या काळी डॅशबोर्ड लोखंडी आणि त्यावर टोकदार खुंट्यांसारखी बटणं. ते मोटार कंपन्यांच्या मागेच लागले. १९३७ च्या क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये ती बटणं आत दडवली गेली. पुढे १९५६ मध्ये फोर्डने गादी लावलेला डॅशबोर्ड द्यायला सुरुवात केली, तोही जादाचा पर्याय म्हणून. म्हणजे डॅशबोर्डवरच्या कडक वस्तू आत घालायला माणसाने तीस वर्षं घालवली आणि आता आपण एक मोठी काचेची पाटी हौसेने बाहेर काढून उभी केली आहे.

नटबोल्ट

डॉक्टर, शेवटचं वाक्य उद्या ऑफिसच्या फळ्यावर लिहिणार.

कडेलोट, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि नियमानेही ते मान्य केलंय. अमेरिकेच्या मानकात एअरबॅग असलेल्या गाडीसाठी डॅशबोर्डची टेस्ट ताशी २४ ऐवजी १९ किलोमीटरने चालते. तेवढ्याने लागणारं अंतर २८ वरून १८ मिलिमीटरवर येतं. वेगाचा वर्ग असल्यामुळे पाच किलोमीटरने एवढा फरक पडतो.

आता काच. काच दाबली तर प्रचंड सोसते, ताणली तर चटकन जाते. फोनच्या आणि ह्या स्क्रीनच्या वरच्या काचेवर एक संस्कार करतात. साधारण ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये ती बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. गच्च भरलेल्या बाकावरून बारीक माणूस उठावा आणि त्या जागी पैलवान येऊन बसावा तसं. पृष्ठभागावर दाटी होते, म्हणजे काच आधीपासूनच दाबाखाली राहते. तडा जायला आधी तो दाब मोडावा लागतो. फक्त हा थर काही दशांश मिलिमीटरसुद्धा नाही, दहा-वीस-पन्नास मायक्रॉन. त्याच्यापेक्षा खोल खाच असेल तर संस्कार वाया.

खाचा कुठे असतात? कडेला. काच कापताना तिथे डोळ्याला न दिसणारे दात पडतात. म्हणून कडा घासून, गोल करून, पॉलिश करून घ्याव्या लागतात आणि चांगल्या-वाईट मालातला खरा फरक तिथेच असतो. आमच्या दुसऱ्या नमुन्यात स्क्रीन पिळला तेव्हा ताण कडेवर आला आणि तडा तिथूनच निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली उगम सापडला, एक खाच, केसाच्या जाडीपेक्षा लहान.

शेवटी आम्ही ब्रॅकेट अजून मऊ केलं नाही, उलट स्क्रीनच्या पाठीमागची फ्रेम जास्त ताठ केली. सगळी शरणागती ब्रॅकेटमध्ये, फ्रेममध्ये अजिबात नाही. म्हणजे काच न वाकता, पाटासारखी सरळ मागे जाते. आणि कोपऱ्यावर मारलं तरी चारही ब्रॅकेट साधारण एकाच वेळी हार मानतील असे त्यांचे जोर ठरवले. लिहायला चार ओळी लागल्या, करायला किती नमुने फुटले ते विचारू नका.

अडगळीतला

मग काच हवीच कशाला? प्लॅस्टिक लावा. फुटणार नाही, हलकं पडेल, सुळकाही कमी.

नटबोल्ट

लावतात की. बऱ्याच गाड्यांत वरचा थर ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचाच असतो. अडचणी अशा की चरे पडतात, उन्हातान्हात वर्षं काढल्यावर तोंडावर वय दिसतं आणि ध्रुवीकृत चष्मा घालून पाहिलं तर पॉलिकार्बोनेटवर इंद्रधनुष्याचे पट्टे उमटू शकतात. आणि वर प्लॅस्टिक असलं तरी त्याच्या मागे काच असतेच. साध्या एलसीडीच्या पोटात पातळ काचेचे दोन थर असतात, त्यांच्यावर कसलाही संस्कार नसतो. वरची मजबूत काच आरपार पारदर्शक गोंदाने त्यांना चिकटवलेली असली तर तुकडे जागच्या जागी धरले जातात, विंडशील्डमध्ये मधल्या पापुद्र्याने धरले जातात तसे. तो गोंद चित्र सुस्पष्ट दिसावं म्हणून घातलेला असतो, सुरक्षितता त्याच्यासोबत आपसूक मिळते.

पाना_पकड

मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये २०२१ साली ती १४१ सेंटिमीटर रुंदीची अख्खी काच आली होती, हायपरस्क्रीन. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. तिचं काय करतात? एवढी अख्खी मागे कशी सरकणार?

नटबोल्ट

सरकत नाही, ठरवून तुटते. त्यांनी जाहीर केलेली रचना अशी की दोन्ही टोकांना एसीच्या झरोक्यांपाशी तुटण्याच्या जागा आधीच नेमून ठेवल्या आहेत आणि मागचे पाच आधार मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे आहेत, धडकेत ते चुरडतात. काच साधारण ६५० अंशांना तापवून वळवलेली. मला त्यात आवडलं ते हे की 'फुटणार नाही' असा दावा न करता 'फुटलीच तर इथे फुटेल' असं आधीच ठरवून टाकलं.

एवढ्या रुंद काचेला आणखी एक कटकट असते, उष्णतेची. काच मॅग्नेशियमच्या फ्रेमवर घट्ट चिकटवली आणि तापमान ६० अंशांनी बदललं तर मीटरभर लांबीत दोघांच्या पसरण्यात जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडतो. गोंद कडक असेल तर काच पार्क केलेल्या गाडीतच ताणाखाली उभी, धडकेची वाटच बघायला नको. म्हणून गोंद मऊ आणि जाड घ्यावा लागतो.

तिसरी_घंटा

एवढं सगळं करण्यापेक्षा बटणं परत आणा! २०२६ पासूनच्या नियमांत युरो एनकॅपसुद्धा (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरोपातली संस्था) इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे ह्यांना खरीखुरी बटणं असतील तरच पूर्ण गुण देते.

संपादक

बटणांसाठी वेगळा धागा आहे. तिथे २०० प्रतिसाद होऊन गेलेत, अजून जागा आहे.

वाटसरू७७

सगळी चर्चा पुढच्या सीटची चालली आहे. मी लेकीसाठी पुढच्या सीटच्या हेडरेस्टवर टॅबलेट अडकवायचा स्टँड लावलाय. दोन लोखंडी दांड्यांना पकडणारा चिमटा, त्यावर फिरणारा हात, त्यावर टॅबलेट. ती मागे बसते, तोंडासमोर बरोबर तोच. ह्याला कुणी काही टेस्ट करतं का? दोन दिवस झोप उडाली आहे.

नटबोल्ट

गाडीबरोबर कंपनीतून आलेला असेल तर होते. सीटच्या पाठीलाही तशीच डोक्याच्या गोलाची टेस्ट असते, अमेरिकेच्या २०१ मध्येही आणि संयुक्त राष्ट्रांच्या नियम १७ मध्येही. बाहेरून आणून लावलेल्या स्टँडच्या वाट्याला हे काही येत नाही.

घरच्या घरी एवढं बघा. नियम २१ मध्ये डॅशबोर्डवरच्या कडक वस्तूंसाठी एक साधी पट्टी आहे, तीच इथे लावू. कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची हवी, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या अंगापेक्षा जरा बारीक. आणि पृष्ठभागापासून ९.५ मिलिमीटरच्या वर बाहेर आलेली वस्तू साधारण ३८ किलोच्या जोराने ढकलली तर आत गेली पाहिजे किंवा सुटून पडली पाहिजे. आपल्याकडे तळव्याने जोर लावून अंदाज घ्या.

हाडवैद्य

विमानवाल्यांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवायला घेतला. सीटच्या पाठीत स्क्रीन, मागच्याचं डोकं त्यावर. अमेरिकेच्या नियमात १९८८ पासून नव्या रचनेच्या प्रवासी विमानांच्या सीटसाठी १६ जीची टेस्ट आहे आणि त्यात डोकं कुठे आपटलं तर इजेचा निर्देशांक १००० च्या आत राहावा लागतो. तुम्ही लावलेल्या स्टँडची उंची लेकीच्या नाकाला येते की कपाळाला, तेही बघून ठेवा. आणि ती बेल्टमध्ये, तिच्या मापाच्या सीटमध्ये बसते ना?

वाटसरू७७

बसते, दोन्ही आहे.

काल रात्री टॉर्च घेऊन मागच्या सीटवर बसलो. टॅबलेटची कड बरी निघाली, पण फिरणाऱ्या हाताचा एक बोल्ट टॅबलेटच्या खाली थेट पुढे आलेला. पट्टीने मोजला, १४ मिलिमीटर. टोक सपाट, कड करकरीत. तळव्याने दाबला तर बोल्ट जागचा हलला नाही, माझ्याच हातावर गोल वण उठला. अजून आहे. स्टँड त्याच क्षणी काढून टाकला.

आता टॅबलेट तिच्या मांडीवर देतो, चालेल ना?

पाना_पकड

अहो नका. अर्ध्या किलोचा टॅबलेट ३० जीच्या धडकेत पंधरा किलोच्या जोराने उडायला बघतो. तिच्याकडून पुढे तुमच्या मानेवर.

वाटसरू७७

हो, हे लक्षातच आलं नव्हतं. टॅबलेट डिकीत, पिशवीत, पिशवीला गाठ.

लेक दोन दिवस बोलली नाही. कालपासून तडजोड अशी झालीय की गाडीत बाबाने गोष्टी सांगायच्या. माझा साठा पहिल्या सत्तर किलोमीटरमध्येच संपला. इथे लहान मुलांच्या गोष्टींचा धागा होता ना कुठेतरी? लिंक द्या कुणीतरी, शनिवारी परत निघायचंय.